हाफकिन यांचे गुरू, कॉलऱ्याचा घोट आणि दह्याची वाटी: पोटातल्या जिवाणूंचा अभ्यास सुरू करणारे मेचनिकॉफ कोण होते?

अँटिबायोटिकच्या गोळ्यांसोबत हल्ली डॉक्टर आणखी एक कॅप्सूल लिहून देतात. कशासाठी, असं विचारलं तर उत्तर मिळतं, पोटातले चांगले जिवाणू टिकावेत म्हणून. साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या कुठल्याही सुपरमार्केटचा फ्रीज उघडा, प्रोबायोटिकच्या छोट्या बाटल्या दिसतात. मोबाइलवर ‘गट हेल्थ’चे रील्स तर संपता संपत नाहीत. पोट बिघडलं की दही-भात किंवा ताक, हा आजीचा सल्ला त्याच्याही आधीपासूनचा.

आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंचा आरोग्याशी आणि म्हातारपणाशी संबंध असावा, हा विचार प्रयोगशाळेत नेऊन जगभर पोहोचवणारा माणूस म्हणजे इल्या मेचनिकॉफ. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. त्यांच्या शिष्याचं नाव मात्र महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईत परळला ज्यांच्या नावाची संस्था आहे, ते वाल्डेमार हाफकिन हे मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी.

खारकीवजवळचा हुशार, पण अस्वस्थ मुलगा

मेचनिकॉफ यांचा जन्म मे १८४५ मध्ये खारकीवजवळच्या एका गावात झाला. हा भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता, आज युक्रेनमध्ये आहे. पाच भावंडांत ते सगळ्यांत धाकटे. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पूर्ण केला. पंचविशीत ते ओडेसा इथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. एक लक्षात ठेवा, ते डॉक्टर नव्हते. आयुष्यभर त्यांनी रोगांवर काम केलं ते प्राणिशास्त्रज्ञ म्हणून. त्यावरून टोमणेही बरेच खाल्ले.

घरची बाजू दुःखाची होती. १८६९ मध्ये लग्न झालं, तेव्हा पहिल्या पत्नी ल्युडमिला क्षयाने इतक्या खंगल्या होत्या की लग्नासाठी त्यांना खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. चार वर्षांनी त्या गेल्या. मेचनिकॉफ यांनी तेव्हा आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला. पुढे १८७५ मध्ये ओल्गा यांच्याशी त्यांचं लग्न झालं. १८८० मध्ये ओल्गाही टायफॉइडने आजारी पडल्या. प्रकृती, राजकारण आणि विद्यापीठातली भांडणं यांनी पिचलेल्या मेचनिकॉफ यांनी या काळात एका साथीच्या तापाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. त्यातूनही ते वाचले. ओल्गाही बऱ्या झाल्या आणि पुढे नवऱ्याचं चरित्र त्यांनीच लिहिलं. हे तपशील इथे सांगण्याचं कारण म्हणजे, तरुणपणी जगण्याला कंटाळलेला हाच माणूस उतारवयात माणूस अधिक काळ आणि अधिक आनंदाने कसा जगेल, या एकाच प्रश्नामागे लागला.

गुलाबाचा काटा आणि तारामासा

१८८१ मध्ये झारची हत्या झाली आणि रशियातली विद्यापीठं राजकारणाने ढवळून निघाली. मेचनिकॉफ यांनी राजीनामा दिला आणि कुटुंबाला घेऊन ते इटलीतल्या सिसिली बेटावर, मेसिना इथे गेले. १८८२ च्या अखेरीस एक दिवस घरची मंडळी सर्कस बघायला गेली होती. मेचनिकॉफ एकटेच सूक्ष्मदर्शकाखाली ताऱ्यामाशाच्या अळ्या पाहत बसले. या अळ्या काचेसारख्या पारदर्शक असतात, त्यामुळे आतल्या फिरत्या पेशी थेट दिसतात. अन्न पचवणाऱ्या या पेशी बाहेरून घुसलेल्या शत्रूलाही गिळत असतील का, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी बागेतल्या गुलाबाचे काटे आणून अळ्यांच्या अंगात टोचले. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी बघतात तर काट्याभोवती पेशींनी गराडा घातलेला!

या पेशींना पुढे फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी, असं नाव मिळालं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी काही हेच काम करतात. आज शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येणारी ही गोष्ट तेव्हा मान्य व्हायला पंचवीस वर्षं लागली. जर्मन शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की संरक्षण पेशी करत नाहीत, रक्तातले विरघळलेले पदार्थ करतात. दोन्ही बाजू बरोबर निघाल्या. म्हणूनच १९०८ चं नोबेल मेचनिकॉफ आणि प्रतिपिंडांवर काम करणारे पॉल एर्लिश यांना विभागून मिळालं.

मधल्या काळात ते ओडेसाला परतले होते. १८८६ मध्ये तिथल्या नव्या जिवाणू प्रयोगशाळेचे ते प्रमुख झाले. स्थानिक डॉक्टरांचा विरोध होताच. त्यातच ते गावाला गेले असताना सहकाऱ्यांनी मेंढ्यांना अँथ्रॅक्सची लस टोचली आणि हजारो मेंढ्या मेल्या. तिथे राहणं अशक्य झालं. १८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी पॅरिसमधल्या आपल्या नव्या संस्थेत त्यांना प्रयोगशाळा दिली. उरलेली २८ वर्षं ते तिथेच होते.

एकाच इमारतीत गुरू-शिष्य, समोर कॉलरा

हाफकिन १८६० मध्ये ओडेसात जन्मले आणि मेचनिकॉफ यांच्या हाताखाली शिकले. ज्यू असल्यामुळे रशियात त्यांना प्राध्यापकी मिळणं दुरापास्त होतं आणि धर्म बदलायला त्यांनी नकार दिला. १८८९ मध्ये ते पॅरिसला आले. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जागा होती ती ग्रंथालयात, सहायकाची. दिवसा पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, असं चालायचं.

१८९२ मध्ये युरोपात कॉलऱ्याची साथ होती. त्या सुमारास या दोघांनी जे केलं, त्यातून दोन वेगळ्या वाटा फुटल्या. हाफकिन यांनी कॉलऱ्याच्या जिवाणूपासून लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते भारतात आले. बंगालपासून पंजाबपर्यंत फिरत त्यांनी हजारो लोकांना ही लस दिली.

मेचनिकॉफ यांनी कॉलऱ्याचे जिवाणू थेट पिऊन टाकले. कॉलरा नेमका या जिवाणूमुळेच होतो का, याची त्यांना शंका होती. त्यांना काहीच झालं नाही. मग एका सहकाऱ्याने घोट घेतला, त्यालाही काही झालं नाही. पुढच्या स्वयंसेवकाला मात्र असा कडक कॉलरा झाला की तो जेमतेम वाचला. आज असा प्रयोग कुठल्याही नीतिमत्ता समितीसमोर उभा राहणार नाही, आणि तेच योग्य आहे.

पण त्यातून एक प्रश्न उरला. जिवाणू तोच, घोट तोच, मग एक माणूस ठणठणीत आणि दुसरा मरणाच्या दारात, असं का? मेचनिकॉफ यांनी काचेच्या बशीत कॉलऱ्याच्या जिवाणूसोबत इतर जिवाणू वाढवून पाहिले. काहींच्या शेजारी कॉलऱ्याचा जिवाणू जोमाने वाढला, काहींच्या शेजारी खुंटला. म्हणजे बाहेरून आलेल्या रोगजंतूचं काय होणार, हे पोटात आधीपासून कोण राहतं त्यावरही ठरत असावं. आज ज्याला मायक्रोबायोमशास्त्र म्हणतात, त्याचं बीज या बशीत होतं.

हा अंदाज किती पुढचा होता, ते कळायला शतक उलटावं लागलं. बांगलादेशात ढाक्यातल्या कॉलरा रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आतड्यातला एक विशिष्ट जिवाणू कॉलऱ्याच्या जिवाणूला रासायनिक संदेश पाठवून आवर घालतो, असं त्यात उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं.

शिष्य मुंबईत: तुपाच्या थेंबाखाली वाढलेली लस

हाफकिन यांची वाट महाराष्ट्रातून गेली, म्हणून इथे थोडं थांबू. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि ऑक्टोबरमध्ये सरकारने त्यांना मुंबईला पाठवलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली आणि एक व्हरांडा, एवढीच प्रयोगशाळा. मांसाच्या रश्शावर ते तुपाचे थेंब सोडायचे. त्या तरंगत्या तुपाला धरून प्लेगचे जिवाणू खाली पारंब्यांसारखे लोंबत वाढायचे. मग ते गरम करून मारायचे आणि लस तयार करायची. इंजिनिअरिंग केलेल्याला या जुगाडाचं विशेष कौतुक वाटतं. महागडं यंत्र नाही, स्वयंपाकघरातलं तूप, आणि त्यावर लाखो डोस.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःला टोचून घेतली. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेक सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने पुण्यात गेल्या. पुढे साथ आपल्या भागातही पोहोचली. तेव्हा वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुकेही सातारा जिल्ह्यातच होते. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून सुरू झालं होतं.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मल्कोवाल गावात लशीच्या एका बाटलीत धनुर्वाताचा संसर्ग झाला आणि १९ जण दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि ते निर्दोष ठरले, पण त्यात पाच वर्षं गेली. परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं ते १९२५ मध्ये.

मोठं आतडं म्हणजे शत्रू?

इकडे पॅरिसमध्ये गुरू म्हातारपणाच्या मागे लागले होते. मेचनिकॉफ यांचं गणित असं: मोठ्या आतड्यात अन्न कुजतं, कुजवणारे जिवाणू विष तयार करतात, ते रक्तात जातं आणि शरीर अकाली म्हातारं होतं. मग या जिवाणूंना हटवायचं कसं? दूध आंबलं की त्यात कुजवणारे जिवाणू वाढत नाहीत, हे घरोघरी माहीत होतं. बल्गेरियात आंबवलेलं दूध खाणारे शेतकरी दीर्घायुषी असतात, असं त्यांच्या ऐकण्यात आलं. १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरॉव्ह या तरुण बल्गेरियन डॉक्टरने तिथल्या दह्यातला जिवाणू ओळखला. मेचनिकॉफ यांना दुवा मिळाला. दुधातून लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू पोटात सोडायचे, म्हणजे कुजणं थांबेल.

१९०४ मध्ये म्हातारपणावरच्या एका व्याख्यानात त्यांनी हे बोलून दाखवलं आणि वर्तमानपत्रांनी उचलून धरलं. मग काय! पॅरिसपासून अमेरिकेपर्यंत दह्याची लाट आली. औषध दुकानांत त्या जिवाणूच्या गोळ्या मिळू लागल्या. आपण दह्याला अमृत म्हटलेलं नाही, असा खुलासा त्यांना करावा लागला, पण खुलासा बातमीइतका पसरत नाही. हे तेव्हाही तसंच होतं. ते स्वतः रोज आंबवलेलं दूध घेत आणि कच्च्या भाज्या टाळत.

या कल्पनेला काळी बाजूही होती. मोठं आतडं निरुपयोगी आणि घातक आहे, या समजातून लंडनचे सर्जन आर्बथनॉट लेन यांनी बद्धकोष्ठाच्या रुग्णांची आतडीच कापून काढली. काही रुग्ण त्यात दगावले. अर्धवट सिद्ध झालेलं शास्त्र घाईने शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेलं की काय होतं, याचं हे उदाहरण. मेचनिकॉफ यांनी चाकू हातात घेतला नव्हता, पण आतड्याला शत्रू ठरवण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

१९०९ मध्ये ते टॉलस्टॉय यांना भेटायला त्यांच्या गावी गेले. एक विज्ञानावर भरवसा ठेवणारा, दुसरा श्रद्धेवर. भेट सौजन्याने झाली, मतं कुणाचीच बदलली नाहीत. पहिल्या महायुद्धात संस्थेतले तरुण संशोधक आघाडीवर गेले आणि प्रयोगशाळा ओस पडल्या. मेचनिकॉफ यांचं हृदय कमकुवत झालं होतं. जुलै १९१६ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी ते पॅरिसमध्ये गेले. मृत्यूनंतर शवविच्छेदन करा आणि आतडी नीट तपासा, असं त्यांनी सहकाऱ्याला सांगून ठेवलं होतं. त्यांचा अस्थिकलश पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेवला आहे. हाफकिन यांनी नोकरी केली, ती याच संस्थेच्या ग्रंथालयात.

मग ते चुकले होते की बरोबर?

दोन्ही. त्यांचा लाडका बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात मुक्कामच करत नाही, असं अमेरिकेत येल विद्यापीठात लिओ रेटगर यांनी पुढे दाखवून दिलं. तो येतो आणि निघून जातो. मोठं आतडं ही कचराकुंडी आहे, हेही चुकीचं ठरलं.

आजचा हिशोब असा आहे. २०१६ मधल्या एका अंदाजानुसार, सरासरी प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे जवळपास बरोबरीचा सामना. सगळ्या जिवाणूंचं वजन मिळून भरतं फक्त २०० ग्रॅमच्या आसपास. यातले बहुतेक राहतात त्याच बदनाम मोठ्या आतड्यात. आपल्याला न पचणारा चोथा ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं तयार होतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यावरच जगतात. के जीवनसत्त्वाचा काही भागही हे जिवाणू बनवतात. शिवाय जागा अडवून ठेवल्याने बाहेरच्या रोगजंतूला तिथे पाय रोवता येत नाहीत.

ही वस्ती उठली तर काय होतं, ते अँटिबायोटिकनंतर दिसतं. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जिवाणू मोकळी जागा बघून पसरतो आणि जुलाबांनी माणूस बेजार होतो. काहींना हा आजार पुन्हा पुन्हा होतो. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अशा रुग्णांना निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू नळीने आतड्यात दिले. १६ पैकी १३ जण पहिल्याच वेळी बरे झाले. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण पोटातली अख्खी वस्ती बदलून रोग बरा होऊ शकतो, याचा इतका स्पष्ट पुरावा आधी नव्हता.

दुसरं उदाहरण ओडिशातलं. ग्रामीण भागातल्या साडेचार हजारांहून जास्त नवजात बाळांवरचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या बाळांना एक ठरावीक लॅक्टोबॅसिलस आणि त्याचं खाद्य आठवडाभर दिलं गेलं. त्या बाळांमध्ये रक्तातला जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून प्रमाण ४० टक्क्यांनी कमी झालं.

लठ्ठपणा, मधुमेह, नैराश्य यांचं मात्र वेगळं आहे. या आजारांत पोटातल्या जिवाणूंची रचना बदललेली दिसते. पण आजारामुळे जिवाणू बदलले की जिवाणूंमुळे आजार झाला, हे माणसांत अजून सुटलेलं कोडं आहे. रील्समध्ये हा फरक सांगितला जात नाही.

प्रोबायोटिकची बाटली घ्यावी का?

अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये उपलब्ध पुरावे तपासले. पोटाच्या बहुतेक आजारांत प्रोबायोटिक द्यावं, असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. अपुऱ्या दिवसांची बाळं, अँटिबायोटिक घेणारे काही रुग्ण अशा मोजक्या ठिकाणी ठरावीक जिवाणूंचा उपयोग दिसला. म्हणजे कुठला जिवाणू, कुणाला आणि कशासाठी, हे तिन्ही ठरल्याशिवाय फक्त ‘प्रोबायोटिक’ या शब्दाला फारसा अर्थ नाही. प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्या रुग्णांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊच नये.

घरच्या दह्याचं काय? विरजणातले जिवाणू पोटातून पुढे निघून जातात, कायमचे राहत नाहीत. तरी दूध न पचणाऱ्यांना दही सोसतं, कारण त्यातले जिवाणू दुधातली साखर पचवायला मदत करतात. प्रथिनं आणि कॅल्शियम मिळतं ते वेगळंच. भिलवडीपासून फलटणपर्यंतच्या दुधाच्या पट्ट्यात दही-ताकाला तोटा नाही, त्यामुळे महागड्या बाटलीवाचून कुणाचं अडायला नको. पोटात कायम राहणाऱ्या जिवाणूंना हवा असतो तो चोथा: ज्वारीची भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ, पालेभाज्या. जत, आटपाडी, माण, खटाव या कोरडवाहू तालुक्यांत हे जेवण पिढ्यान्‌पिढ्या होतं. पांढरा ब्रेड आणि बिस्किटं वाढली की जिवाणूंची उपासमार सुरू होते.

अँटिबायोटिकचा मुद्दा जास्त गंभीर आहे. सर्दी-पडशासाठी दुकानातून स्वतःहून गोळ्या आणून दोन दिवस खाणं, ही सवय गावोगाव आहे. मार्च २०१४ पासून अनेक अँटिबायोटिक्स शेड्यूल एच-वन या यादीत आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद दुकानदाराला ठेवावी लागते. विषाणूने होणाऱ्या सर्दीवर ती चालत नाहीत, पोटातल्या वस्तीवर मात्र चालतात. पण डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक जिवाणू मरतील या भीतीने मध्येच सोडू नका. शंका असेल तर त्यांनाच विचारा.

मेचनिकॉफ यांचा मूळ प्रश्न, म्हणजे वय आणि पोटातले जिवाणू यांचं नातं, सध्या महाराष्ट्रातही अभ्यासला जातोय. पुण्यातल्या संशोधकांनी एकाच छपराखाली राहून सारखंच जेवणाऱ्या दोन एकत्र कुटुंबांतल्या तीन पिढ्या तपासल्या. आजोबा, मुलगा आणि नातू यांच्या पोटातल्या जिवाणूंच्या मुख्य गटांचं प्रमाण वयानुसार बदलत गेलेलं दिसलं. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला हा जिवाणू पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आढळतो, असंही पुण्यातल्याच नंतरच्या कामात दिसलं. त्यामुळे युरोप-अमेरिकेतल्या लोकांवर ठरवलेला उपाय कोरेगाव किंवा कवठेमहांकाळच्या माणसाला तसाच लागू पडेल, असं गृहीत धरता येत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात असे जिवाणू जमा करून, गोठवून ठेवण्याचं काम सुरू आहे.